न पाठवलेला 'आ'

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला आहे आणि गेलं दीड वर्ष माझ्या पोटात एक अक्षर अडकून पडलं आहे. ते ना पुढे जातं, ना मागे. तड्याचं मला फारसं काही वाटत नाही, म्हातारपणी रेघा कुणाच्या चेहऱ्यावर येत नाहीत? पण त्या अक्षराबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपली थोरवी सांगतो. मी माझी चूक सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कण दिसला तरी माणसं विंचू दिसल्यासारखी दचकत. डोक्याला टोप्या बांधलेल्या बायका मोहरीएवढे स्क्रू चिमट्याने उचलून माझ्या अंगात बसवत होत्या. त्यांनी मला दोन डोळे दिले, एक पुढे आणि एक मागे. लोकांना वाटतं, कॅमेरा उघडल्याशिवाय आम्हाला दिसत नाही. वाटू दे. आवाजही दिला, पण बोलण्याचा नव्हे, नुसता 'टिंग' करण्याचा. पुढे हेच मला फार महागात पडलं.

दुकानाच्या कपाटातून माझे मालक मला घरी घेऊन आले. ते धुलाईच्या कारखान्याची गाडी चालवत. सकाळी दोन इस्पितळं आणि तीन वसतिगृहांतून मळक्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांचे गठ्ठे उचलायचे आणि धुतलेले, कडक इस्त्रीचे गठ्ठे पोचवायचे. गाडीत कायम गरम इस्त्रीचा वास असे. मालकीणबाई एका शाळेच्या वाचनालयात पुस्तकं सांभाळत. आणि त्यांची एकुलती एक लेक, टिचकी. एवढीशी होती तेव्हापासून दिसेल त्या वस्तूला टिचकी मारून 'आत कोण आहे?' विचारायची, म्हणून हे नाव पडलं. घरी आल्या आल्या तिने मलाही टिचकी मारून विचारलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं की आत एक आगाऊ प्राणी आहे.

त्या घरात एक रीत होती. दिवसातून चार-पाच वेळा मालकीणबाईंकडून एकच शब्द यायचा, 'कुठपर्यंत?' आणि मालक एकच शब्द लिहायचे, 'आलोच'. या रीतीला कारण होतं. मालकीणबाई आठ वर्षांच्या असताना त्यांचे वडील परगावाहून निघाले आणि पोचलेच नाहीत. गाडी वाटेत बिघडली होती, पण कळवायची सोय नव्हती. दोन दिवस घरात कुणाच्या पोटात अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी वडील हातात फळांची पिशवी घेऊन दारात उभे, आणि सगळे रडताना बघून त्यांनाच विचारत होते, "कोण गेलं?" हा किस्सा सांगताना मालकीणबाई स्वतःही हसायच्या. पण आतली भीती काही गेली नव्हती. वेळेवर उत्तर आलं नाही की त्यांचा जीव टांगणीला लागे.

आता 'आलोच' हा शब्द तुम्हाला ठाऊक आहेच. आलोच म्हणणारा माणूस बहुतेक वेळा अजून चपला शोधत असतो. तरीही त्या शब्दाने ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मला तो शब्द फार आवडायचा. महिन्याभरात मी तो इतका पाठ केला की मालकांनी नुसता 'आ' लिहिला की मी लगेच पुरा शब्द समोर धरत असे. एक अक्षर त्यांचं, बाकीचं माझं. टिचकी म्हणायची, "बाबांचा फोन किती हुशार आहे ना." आणि मी शेफारून जात असे.

सुरुवातीला मालक गाडी थांबली असतानाच उत्तर देत. मग सिग्नलला देऊ लागले. मग गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असताना. बोट दिलं की मनगट धरावं तशी ती सवय वाढत गेली, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की आपण चांगल्या भरधाव गाडीत आहोत आणि मालकांची नजर आपल्यावर आहे. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. एवढा मोठा रस्ता सोडून माणूस माझ्याकडे बघतो, याचा आनंद.

कारखान्यातल्या इस्त्रीवाल्या मावशींनी हे एकदा फाटकात पाहिलं. गठ्ठे चढवता चढवता त्या म्हणाल्या, "अहो, एक तर गाडी चालवा, नाहीतर बोटं चालवा."

"मावशी, वीस वर्षं झाली," मालक हसून म्हणाले. "रस्ता तोंडपाठ आहे मला."

"रस्ता असेल पाठ. त्यावरची माणसं रोज नवीन असतात, त्यांचं काय?"

मालकांनी ते हसण्यावारी नेलं. मला तर त्या मावशींचा रागच आला. म्हटलं, नसती उठाठेव.

तो दिवस अगदी साधा होता. लख्ख ऊन, कोरडा रस्ता. कारण सांगायला पाऊस नव्हता, धुकं नव्हतं, काही नव्हतं. वसतिगृहात अभ्रे मोजण्यात उशीर झाला होता, म्हणून मालक जरा वेगात होते. दहा बेचाळीसला मी टिंग केलं. 'कुठपर्यंत?' मालकांनी मला हात लावला नाही. खरंच सांगतो, त्या वेळी त्यांनी मला हात लावला नव्हता. दहा त्रेचाळीसला मी पुन्हा टिंग केलं. 'अहो, कुठपर्यंत?' दहा चव्वेचाळीसला तिसऱ्यांदा. 'अहो???' गियरजवळच्या खळग्यात मी थरथरत पडलो होतो, आणि शेवटी मालकांनी मला उचललं.

त्यांनी मला स्टिअरिंगच्या वर धरलं. रस्ताही दिसेल आणि मीही, असं त्यांना वाटलं असावं. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातलाच प्रकार. माझ्या पुढच्या डोळ्याला त्यांचा चेहरा दिसत होता आणि मागच्या डोळ्याला रस्ता. रस्त्याच्या डाव्या कडेने एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून चालले होते. पुढे उजवीकडे बाजाराची गल्ली होती. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, आणि मग उजवा हात सरळ, खांद्याच्या रेषेत बाहेर काढला. शाळेत शिकवतात अगदी तसा. गाडी येताना त्यांना दिसली असणारच. पण हात दाखवला की मागचा माणूस वेग कमी करतो, या विश्वासावर ते होते.

मला तो हात दिसला. मालकांना दिसला नाही, कारण ते 'आ' शोधत होते.

त्यांच्या अंगठ्याखाली 'आ' उमटला. आणि मी काय केलं? मी ओरडू शकत नव्हतो, मान्य आहे. पण निदान विझून जायचं होतं, हातातून निसटायचं होतं. ते काही मला सुचलं नाही. मी नेहमीच्या उत्साहाने तीन शब्द पुढे केले. 'आज', 'आता' आणि मधोमध माझा लाडका 'आलोच'. एक अंगठा टेकायचा बाकी होता. तेवढ्यात डाव्या बाजूला काच फुटल्याचा आवाज झाला, ब्रेक किंचाळले, आणि मी उडून सीटखाली जाऊन पडलो. माझ्यावर एक धुतलेला अभ्रा येऊन पडला.

तिथून मला सगळं ऐकू येत होतं. लोकांचा गलका, कुणीतरी "पाणी आणा" म्हणाल्याचा आवाज. मग पोलीस आले.

"फोनवर होतात का?" पोलिसाने विचारलं.

"नाही साहेब," मालक म्हणाले. "फोनच आला नव्हता मला."

ते खरं होतं. फोन आला नव्हता, मेसेज आला होता. घाबरलेल्या माणसाला लपायला एवढीशी फट पुरते. मग ते पुढे म्हणाले, "ते एकदम वळले. हातसुद्धा दाखवला नाही."

पोलिसाने ते कागदावर उतरवलं. मी सीटखाली होतो. माझ्यात साठ टक्के चार्ज शिल्लक होता, आणि खरं सांगायला त्यातला एक टक्काही उपयोगाचा नव्हता.

ते गृहस्थ बाजारात घड्याळं दुरुस्त करत. चाळीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा जागेवर बसवल्या होत्या. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. त्यांच्या उजव्या मनगटाचं हाड तीन ठिकाणी मोडलं आणि दोन बोटं कायमची ताठ झाली.

मालकांनी मला बंद करून कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या वायरींच्या गुंत्यात ठेवून दिलं. घरी सांगितलं, "पडून फुटला." कामासाठी दुसरा फोन घेतला. खाई त्याला खवखवे म्हणतात. ते त्या खणाकडे बघायचंसुद्धा टाळत, हे मला नंतर टिचकीच्या बोलण्यातून कळलं.

चार महिने मी अंधारात होतो. मला बाहेर काढलं ते टिचकीने. शाळेत निबंध दिला होता, घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूचं आत्मवृत्त लिहून आणा. तिने मला चार्जिंगला लावलं, काचेवर टिचकी मारून विचारलं, "आत कोण आहे?" आणि मी उजळलो. जिथे थांबलो होतो तिथेच उजळलो.

स्वयंपाकघरात मालकीणबाई भाजी चिरत होत्या. मालक दाराशी बसून बुटांना पॉलिश करत होते.

"आई," टिचकी म्हणाली, "बाबांनी तुला नुसता 'आ' लिहून ठेवलाय बघ. पाठवलाच नाही."

बुटांवरचा ब्रश थांबला. मालकीणबाईंनी पदराला हात पुसले आणि मला हातात घेतलं. त्यांनी आधी 'आ' पाहिला. मग त्याच्या वरचे आपलेच तीन मेसेज पाहिले, आणि त्यांच्या बाजूच्या वेळा. दहा बेचाळीस, दहा त्रेचाळीस, दहा चव्वेचाळीस. अपघाताची वेळ त्या घरात सगळ्यांना पाठ होती. पावणेअकरा.

"तुम्ही मला उत्तर देत होतात?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मालकांनी ब्रश खाली ठेवला.

"टिचकी, तू जरा बाहेर जा," मालकीणबाई म्हणाल्या.

"राहू दे तिला," मालक म्हणाले. "हो. तुलाच उत्तर देत होतो."

"आणि त्यांनी हात दाखवला नाही म्हणालात, ते?"

"मला ठाऊक नाही गं. दाखवला का नाही, मला खरंच ठाऊक नाही. मी बघतच नव्हतो."

मालकीणबाई खाली बसल्या. मालक सांगत गेले. ते इस्पितळात फळं घेऊन घड्याळकाकांना भेटायला गेले होते. प्लास्टरमधला हात छातीवर ठेवून काकांनीच त्यांची माफी मागितली होती. म्हणाले होते, "माझ्या म्हातारपणामुळे तुमच्या मागे उगाच पोलिसांचा ससेमिरा लागला. हात दाखवायला विसरलो असेन. हल्ली विसरायला होतं." आणि मालक ते ऐकून मान हलवून घरी आले होते. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही, असं ते म्हणाले.

"उद्या जाऊन सांगायचं," मालकीणबाई म्हणाल्या. "मीही येते. प्रश्न माझा होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मालकांच्या शर्टाच्या खिशातून घड्याळकाकांच्या घरी गेलो. खिडकीशी त्यांचं टेबल होतं. त्यावर भिंग, चिमटे, छोट्या डब्या, सगळं फडक्याखाली झाकलेलं. काका खुर्चीत नुसते बसले होते. त्यांची लेक दार उघडून तिथेच उभी राहिली. वडिलांचं आता वय झालं, म्हणून तिने सायकलची किल्ली आपल्याकडे काढून घेतली होती आणि त्यांना एकट्याने रस्त्यावर जाऊ देत नव्हती.

मालकांनी मला टेबलावर ठेवलं आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. टिंग, तीन मेसेज, 'आ'. शेवटी म्हणाले, "तुम्ही हात दाखवला नाही, हे मी खोटं सांगितलं. मला काही दिसलंच नव्हतं."

लेकीचा चेहरा रागाने लाल झाला होता. काकांनी डाव्या हाताने मला उचललं, सवयीने डोळ्याजवळ नेलं आणि त्या एका अक्षराकडे पाहत राहिले.

"गाडीचं काय काय मोडलं होतं?" त्यांनी विचारलं.

"फक्त डावा आरसा फुटला होता, काका. बाकी ओरखडासुद्धा नव्हता."

"आरसा किती उंचीवर असतो?"

मालकांनी आपल्या छातीच्या वर हात धरून दाखवला. काका उठले. त्यांनी लेकीला समोर उभं केलं, आपण सायकलवर बसल्यासारखे किंचित वाकले आणि दोन्ही हात खाली, हँडल धरल्यासारखे ठेवले. मग उजवा हात, तो वाकडा झालेला हात, हळूहळू बाहेर काढला. तो बरोबर मालकांनी दाखवलेल्या उंचीवर आला.

"हँडलवरचा हात आरशाला लागेल कसा?" काका म्हणाले. बंद घड्याळातला दोष सापडावा, तसा त्यांचा आवाज झाला होता. "मी हात दाखवला होता. बघ, मी हात दाखवला होता."

आणि ते रडायला लागले. मला वाटलं होतं, ते चिडतील. पण चार महिने त्या माणसाला हात गेल्यापेक्षा आपलं डोकं चालेनासं झालं याचंच दुःख जास्त होतं, हे मला तेव्हा कळलं.

"किल्ली दे माझी," ते लेकीला म्हणाले. तिने कपाटातून किल्ली काढली आणि त्यांच्या डाव्या हातात दिली.

मग ते मालकांकडे वळले. "एका अक्षरासाठी गेला हो हात. पुरता शब्दसुद्धा नव्हता." थोडं थांबून म्हणाले, "मला तुमचा राग आलाय. तो जाईल की नाही, सांगता येत नाही. पण आधी चौकीत जा आणि तिथला कागद सरळ करून या."

मालक तिथूनच चौकीत गेले. त्यांचा परवाना काही महिन्यांसाठी काढून घेतला गेला आणि कारखान्यात ते चादरींच्या घड्या घालायला बसले, मावशींच्या शेजारी. मावशी एकदाही म्हणाल्या नाहीत की मी सांगत होते. ते मालकांना जास्त लागलं.

आता मालक पुन्हा गाडी चालवतात. निघण्याआधी गाडीबाहेर उभं राहून 'निघालो' लिहितात, मग फोन गप्प करून पत्र्याच्या डब्यात ठेवतात आणि तो डबा मागे गठ्ठ्यांत ठेवून देतात. त्यानंतरच किल्ली फिरवतात. तो फोन माझ्यापेक्षा शहाणा आहे. मध्येच कुणी काही विचारलं, तर तो आपणच कळवतो, 'गाडी चालवतो आहे. थांबलो की उत्तर देतो.' आणि 'कुठपर्यंत?' हा शब्द त्या घरातून गेला आहे. मालकीणबाईंना अजूनही भीती वाटते, पण वाटली की त्या वाचनालयातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. ते काकांनी डाव्या हाताने दुरुस्त केलेलं आहे. मनगटी घड्याळं त्यांना आता जमत नाहीत, मोठी जमतात. ते घड्याळ दोन मिनिटं मागे पडतं. मालकीणबाई ते कुणाला सांगत नाहीत.

मला मात्र कुणी दुरुस्त केलं नाही. टिचकी तो 'आ' पुसायला निघाली होती, पण मालक म्हणाले, राहू दे. ते मला शाळाशाळांतून नेतात. म्हणून आज मी तुमच्या वर्गात, टेबलावर आहे. मघाशी त्यांनी तुमच्यातल्या एकीला डोळे मिटून चार सेकंद मोजायला लावले, आठवतं ना? ताशी पन्नासच्या वेगाने तेवढ्यात गाडी पंचावन्न मीटर पुढे जाते. तुम्ही हसलात. ते हसले नाहीत. चूक माझी असं ते म्हणतात, माझी असं मालकीणबाई म्हणतात, आणि मी तर तडा गेल्यापासून तेच म्हणतो आहे. तिघांनी वाटून घेतली तरी काकांची बोटं काही वळत नाहीत.

मित्रांनो, मी एक आगाऊ, लाडावलेली वस्तू आहे. मी टिंग करणारच, माझा भरवसा धरू नका. तुमचं माणूस रस्त्यावर असेल, तर त्याला काही विचारू नका. विचारलंच, तर उत्तराची घाई करू नका. 'आलोच' उशिरा आलं तरी चालतं, माणूस आलं म्हणजे झालं. आणि तुमचे आईबाबा गाडी चालवायला बसले की हात पुढे करून मला मागून घ्या. मी मांडीवर गप्प पडून राहीन, मला राग येणार नाही. त्यांना म्हणा, समोर बघा. समोर कुणीतरी हात दाखवत असेल.